रेघ ओढायच्या आधी कर्ण घेतला का?

मी पिट्सबर्गला एका बांधकामाचे रोबोट बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअर टीम सांभाळते. मागच्या दिवाळीत कराडला गेले तेव्हा मावसबहिणीने विचारलं, तुझा रोबोट नक्की करतो काय, विटा रचतो का? मी म्हटलं नाही गं, रेघा ओढतो. तिला वाटलं मी सांगायचं टाळतेय. पण खरंच, आमचं मशीन स्लॅबवर रेघा ओढतं, आणि गेली साडेचार वर्षं माझं सगळं डोकं त्या रेघांपायीच चाललंय, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

ज्यांनी स्वतःचं घर बांधून घेतलंय त्यांना लाइनआउट म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. चुन्याची फक्की टाकून पायाची आखणी होते तो दिवस, नारळ फोडतात तो. इथे मोठ्या बिल्डिंगमध्ये तेच काम प्रत्येक मजल्यावर परत करावं लागतं, म्हणजे स्लॅब पडला, कॉलम उभे राहिले, आता आतल्या भिंती कुठे, दारं कुठे, डक्ट कुठून जाणार, पाइपसाठी भोक कुठे पाडायचं हे सगळं काँक्रीटवर आखून द्यायचं आणि मग त्या रेघांवर सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन सगळे काम करणार. हॉस्पिटलचा एक मजला असेल तर अशा रेघा आणि खुणा हजारांत जातात. हाताने करायचं तर दोन माणसं, टेप, रंगात बुडवलेली दोरी, आणि दिवसभर गुडघ्यावर. आमचं मशीन मोठ्या सूटकेसएवढं आहे, खाली चाकं, पोटात इंकजेट प्रिंटर, ते ड्रॉइंग वाचतं आणि फिरत फिरत रेघ छापतं, शेजारी भिंतीचा प्रकार आणि दाराचा नंबरसुद्धा छापतं.

अचूकता किती पाहिजे? इथे एक सोळांश इंच म्हणतात. म्हणजे १.६ मिलिमीटर. म्हणजेच अर्धा सूत! माझे वडील, अण्णा, आधी गवंडी होते आणि मग छोटे कॉन्ट्रॅक्टर झाले, आमच्या घरात इंचाचे आठ सूत हे आम्हाला बाराखडीबरोबरच आलं, तीन सुती सळई, चार सुती सळई, "दार अर्धा सूत खाली बसलंय", हीच भाषा. त्यामुळे पहिल्या आठवड्यात मीटिंगमध्ये टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल तो आकडा, ऐकला तेव्हा मला तो परका वाटलाच नाही. आता माझ्या टीममध्ये ओहायोची आणि कोरियाची माणसंसुद्धा "हाफ सूत" म्हणतात.

पिट्सबर्गचं आणि या विषयाचं जुनं नातं आहे हे मला इथे आल्यावर कळलं. बांधकामातल्या रोबोटांवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९८४ साली इथेच कार्नेगी मेलनमध्ये भरली होती. त्याच्या आदल्या वर्षी जपानमध्ये शिमिझू कंपनीने स्टीलच्या सांगाड्यावर आगरोधक थर फवारणारा रोबोट साइटवर आणला होता. म्हणजे हे काही कालपरवाचं खूळ नाही, चाळीस वर्षं लोक याच्या मागे लागलेत. जपानच्या मोठ्या बांधकाम कंपन्यांनी त्या काळात काय काय मशीनं बनवली, प्लास्टर घोटणारी, बीम उचलून बसवणारी, पण बरीचशी टिकली नाहीत. याची कारणं मी जेवढी वाचली त्यातलं मला पटलेलं एकच, मशीन लावायला आणि काढायला जो वेळ जायचा त्यात माणसाने ते काम उरकलं असतं. फॅक्टरीत मशीन एका जागी असतं आणि माल त्याच्याकडे येतो, साइटवर माल जागेवर आणि मशीनने हिंडायचं, आणि जागा तर रोज बदलते. काल जिथून गेलो तिथे आज जिप्समच्या शीट्सचा ढीग!

आता मुख्य अडचण. मशीनला कळतं कसं की आपण कुठे आहोत? बिल्डिंगच्या आत जीपीएस कामाचं नाही. त्यासाठी टोटल स्टेशन असतं, कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, सर्व्हेवाले तिपाईवर लावतात ते, फक्त आमचं मोटरवालं आहे. रोबोटच्या डोक्यावर काचेचा प्रिझम, टोटल स्टेशन त्याच्यावर नजर ठेवून त्याच्याबरोबर वळत राहतं आणि सेकंदाला अनेक वेळा सांगतं की तू इथे आहेस. ऐकायला सोपं वाटतं पण कोनात पाच सेकंदांची चूक झाली (हे कोनाचे सेकंद, एका अंशात ३६०० असतात ते, घड्याळाचे नाही) तर पन्नास मीटरवर १.२ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे आमच्या अर्ध्या सुतातला पाऊण हिस्सा तिथेच संपला. शिवाय माप घेतलं त्या क्षणी रोबोट जिथे होता तिथे तो माप पोचेपर्यंत राहत नाही. सेकंदाला तीस सेंटिमीटर वेगाने चालला असेल आणि माप सेकंदाचा दहावा भाग उशिरा आलं तर तीन सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणून प्रत्येक मापावर वेळेचा शिक्का हवा आणि दोन्हीकडची घड्याळं जुळलेली हवीत. माझं पहिलं वर्ष जवळजवळ या घड्याळांतच गेलं. कुणाला दाखवता येत नाही असं काम, पण त्याशिवाय पुढचं काहीच नाही.

आणि एक बग सांगते, सॉफ्टवेअरवाल्यांसाठी. इथे बऱ्याच ड्रॉइंगमध्ये राज्याच्या सर्व्हेचे कोऑर्डिनेट्स असतात, त्यांचे आकडे वीस लाख फूट वगैरे असे मोठे असतात. आता ३२ बिटच्या फ्लोटमध्ये (कॉम्प्युटर अपूर्णांकी आकडे ठेवतो ती एक पद्धत) वीस लाखाच्या आसपास दोन आकड्यांमधली पायरीच ०.१२५ असते, फुटात म्हणाल तर दीड इंच! मधलं काही लिहिताच येत नाही. स्क्रीनवर भिंती थोड्या थरथरताना दिसत होत्या, आम्ही म्हटलं ते फक्त दिसायला आहे, ग्राफिक्स कार्डाचं आहे, छपाईचा हिशोब ६४ बिटमध्ये होतो. होत होताच, एका छोट्या फंक्शनचा अपवाद सोडून, जे कोणीतरी स्क्रीनसाठी लिहिलं होतं आणि नंतर दुसऱ्याने दाराच्या खुणांसाठी उचललं. सगळे टेस्ट पास, कारण टेस्टमधल्या सगळ्या बिल्डिंगचा कोपरा शून्यावर होता, आणि लहान आकड्यांत ती पायरी अगदी बारीक असते. आमच्या पार्किंगमध्ये चाचणीच्या वेळी एका टेक्निशियनने टेप लावला म्हणून सापडलं. तेव्हापासून आमच्या टेस्टमधली एकही बिल्डिंग शून्यावर नाही.

पण ज्या चुकीबद्दल मला खरं लिहायचंय ती वेगळी आहे. त्यात बग नव्हता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर आमचं मशीन सकाळी सहाला सुरू झालं, सगळं व्यवस्थित, लॉग (मशीन स्वतःच्या कामाची नोंद ठेवतं ती) हिरवे. साडेदहाला फोरमनचा फोन आमच्या ऑपरेटरला आणि त्याचा मला. पेशंटच्या खोल्यांच्या बाथरूमच्या भिंती बसत नाहीत, खालून आलेले पाइप भिंतीच्या आत यायला हवेत ते बाहेर येतायत. मी गाडी काढून गेले, पन्नास मिनिटांचा रस्ता. फोरमनने काही न बोलता टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि कॉलमपासून माप घेतलं. नऊ मिलिमीटर. जवळजवळ तीन सूत! आणि सगळ्या रेघा एकाच दिशेला सरकलेल्या, जवळच्या थोड्या, लांबच्या जास्त.

कारण सापडायला दुपार झाली. साडेसातच्या सुमारास कुणाच्या तरी हातगाडीचा धक्का तिपाईच्या पायाला लागला होता. जोरात नाही, पडलीबिडली नाही, जराशी फिरली, एक मिनिटाचा कोन, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, तीस मीटरवर त्याचे नऊ मिलिमीटर होतात. टोटल स्टेशन कललं तर त्याच्या आतला सेन्सर ओरडतो, पण सरळ उभं राहून स्वतःभोवती किंचित फिरलं तर त्याला कळत नाही. आमच्या सॉफ्टवेअरने पुढचे तीन तास अत्यंत अचूकपणे, दहावा भाग मिलिमीटरचं गणित करत, चुकीच्या जागी रेघा ओढल्या. आणि त्या रेघा सुबक होत्या, सरळ होत्या, शेजारी छापील अक्षरात दाराचे नंबर होते, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. हाताने मारलेली रेघ असती तर सुताराने एकदा टेप लावला असता. छापलेलं बघून माणूस विश्वास ठेवतो, हे मला त्या दिवशी पोटात कळलं. एकवीस खोल्यांच्या रेघा ग्राइंडरने घासून काढल्या, दोन गँग दिवसभर थांबून राहिल्या.

त्या रात्री मी अण्णांना फोन केला, तिकडे सकाळ होती. मी सगळं सांगितलं, तिपाई, कोन, सेन्सर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कर्ण घेतला हुता का?"

मी म्हटलं, अण्णा, अहो हे तसं नसतं, यात मशीन स्वतः...

"आगं पर कर्ण घेतला हुता का न्हाय?"

नव्हता घेतला. म्हणजे सकाळी सुरू करताना जागा आधीच माहीत असलेल्या तीन बिंदूंवरून टोटल स्टेशनने आपली जागा काढली होती, ते गणित बरोबर होतं. पण गणित ज्या बिंदूंवरून केलं त्यांनीच ते तपासायचं म्हणजे ती तपासणी नव्हेच. अण्णा चार खुंट्या ठोकून झाल्या, दोऱ्या ताणून झाल्या, ३-४-५ च्या त्रिकोणाने काटकोन पाहून झाला तरी शेवटी दोन्ही कर्ण, म्हणजे तिरक्या समोरासमोरच्या खुंट्यांमधलं अंतर, मोजायचे, आणि कर्ण सारखे आले नाहीत तर मालक समोर उभा असला तरी फक्की टाकू द्यायचे नाहीत. आणि दुपारी जेवून आल्यावर परत एकदा दोरी बघायचे, कारण मधे पोरं खेळून जातात, म्हैस जाते, खुंटी हलते. लहानपणी मला तो उगाच वेळकाढूपणा वाटायचा.

दुसऱ्या दिवशी मी टीमला बोर्डवर चौकोन काढून कर्ण दाखवले आणि पुढचे सात आठवडे आम्ही तेवढंच केलं. आता मशीन सुरू व्हायच्या आधी गणितात न वापरलेल्या चौथ्या बिंदूवर स्वतः चालत जातं आणि आपण तिथे आहोत का हे बघतं. आणि दर थोड्या वेळाने टोटल स्टेशन रोबोटवरची नजर काढून कॉलमवर लावलेल्या स्थिर प्रिझमकडे बघतं, तो जिथे होता तिथेच आहे ना, आणि मगच पुढचं काम. अर्ध्या सुताच्या वर फरक आला की मशीन थांबतं. शिवाय मागच्या तपासणीपासून आतापर्यंत ओढलेल्या रेघा टॅब्लेटवर लाल होतात, म्हणजे कुठपासून संशय घ्यायचा ते माणसाला कळतं. कोडमध्ये त्या भागाचं नाव कर्ण आहे. महाभारतातल्याचं नाव दिलंय का असं आमच्या एका तेलुगू सहकाऱ्याने विचारलं, त्याला म्हटलं नाही रे, खुंटी ते खुंटी वाला.

इथून पुढचं काम कोडपेक्षा अवघड होतं. मशीन फार थांबायला लागलं. एका साइटवर एका शिफ्टमध्ये चौदा वेळा. ऑपरेटर वैतागले, गिऱ्हाईक वैतागलं, आणि आमच्या विक्रीवाल्यांनी मागणी केली की तिथे एक "पुढे चला" बटण द्या, ऑपरेटर अनुभवी आहेत, त्यांना ठरवू दे. ही मागणी वेडेपणाची नव्हती, मी ती गंभीरपणेच घेतली. पण पहाटे सहाला थंडीत उभा असलेला माणूस, मागे चाळीस माणसं खोळंबलेली, समोर बटण, तो दाबणारच, मीही दाबलं असतं. मी नाही म्हटलं. तीन मीटिंगमध्ये नाही म्हटलं, आणि चौथ्या मीटिंगला लॉग घेऊन गेले, कारण नुसतं नाही म्हणून भागत नाही.

त्या चौदांपैकी अकरा वेळा मशीन चुकीचं थांबलं होतं, हे मान्यच करायला हवं होतं. प्रिझमवर सिमेंटची धूळ बसलेली, मधून माणूस गेला, एकच माप खराब आलं आणि आम्ही लगेच थांबलो. म्हणून आता एका मापावर निर्णय नाही, सलग अनेक मापं घेऊन मग ठरवायचं. आणि दुसरं म्हणजे थांबल्यावर आम्ही स्क्रीनवर काय दाखवत होतो, तर एरर कोड! फोरमनला त्याचं काय. ते बदलून साध्या भाषेत आणि इंचाच्या अपूर्णांकात लिहिलं, की अमुक कॉलमजवळचा बिंदू तीन अष्टमांश इंच पूर्वेला वाटतोय. हा बदल गेला त्याच महिन्यात एका साइटवर मशीन थांबलं, फोरमन चिडून त्या कॉलमपाशी गेला, बघतो तर सर्व्हेवाल्याने ठोकलेला खिळा कधीतरी फोर्कलिफ्टखाली वाकला होता आणि कुणीतरी तो अंदाजाने परत ठोकला होता. त्याच खिळ्यावरून त्या मजल्यावरची डक्टची मापं निघणार होती. त्याने मला फोटो पाठवला, खिळ्याचा, शेजारी टेप. खाली काही लिहिलं नव्हतं. बटणाची मागणी त्यानंतर परत आली नाही.

लीड म्हणून काय करतेस असं नवीन लोक विचारतात तर माझा बराच वेळ याच्यात जातो, मशीनने कधी गप्प बसायचं आणि कधी "मला खात्री नाही" म्हणायचं हे ठरवण्यात. वेबवर काम करणारी हुशार मुलं येतात, त्यांना सवय असते की चुकलं तर परत डिप्लॉय करू, दहा मिनिटांत दुरुस्त. इथे रेघ चुकली की त्यावर भिंतीच्या सांगाड्याचं चॅनल ठोकलं जातं, त्यावर शीट, त्याच्या मागे पाइप, आणि तोपर्यंत आपण कोड दुरुस्त केलेला असला तरी त्याचा काही उपयोग नाही. म्हणून नवीन माणसाचा पहिला आठवडा लॅपटॉप नाही, साइटवर जायचं, हेल्मेट आणि पुढे स्टील असलेले बूट, आणि सुताराच्या हाताखाली हाताने एक खोली आखायची. दुसऱ्या दिवशी गुडघे बोलतात. मग त्यांना कळतं की हातमोजे घालून टॅब्लेटचं छोटं बटण दाबता येत नाही, तळघरात इंटरनेट नसतं त्यामुळे मशीनला सगळं आपल्यापाशी ठेवावं लागतं, आणि स्लॅबच्या कडेवरून रोबोट पडू नये म्हणून साखळी का आहे, ते काम आमच्या सॉफ्टवेअरवर का सोडलेलं नाही. इमर्जन्सी स्टॉप दाबला की थेट मोटरची वीज तुटते, मध्ये आमच्या कोडची एक ओळसुद्धा नाही, आणि तसंच पाहिजे.

गुरुवार दुपारनंतर रिलीज नाही हा नियमही साइटमुळे आला. सकाळी सहाला काम सुरू होतं, चुकीचं व्हर्जन गेलं तर पाच वाजता फोन माझा वाजतो, आणि शुक्रवारी पहाटे अर्धी झोपलेली टीम घेऊन दुसऱ्याच्या मजल्यावर प्रयोग करायला मला आवडत नाही. ड्रॉइंगच्या रिव्हिजनचा तर वेगळा लेख होईल, आर्किटेक्टने मंगळवारी भिंत हलवली आणि साइटवर सोमवारची फाइल, हे दर आठवड्याचं आहे.

माणसांची कामं जाणार का हेही विचारतात. मी जिथे पाहिलं तिथे आखणी करणाराच मशीन चालवतो, कारण रेघ चुकली हे फक्त त्यालाच दिसतं, आणि मला तो तिथे हवाच आहे. सगळीकडे तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण अण्णांचे दोन्ही गुडघे बासष्टाव्या वर्षी गेले, उकिडवं बसून बसून, त्यामुळे हे काम माणसाने गुडघ्यावरच करावं असं मला कुणी सांगू नये.

अण्णा मात्र मशीनचे व्हिडिओ बारकाईने बघतात, कौतुक कमी आणि प्रश्न जास्त. रविवारी विचारलं की स्लॅबवर पाणी मारलेलं असलं तर शाई धरती का. मी म्हटलं आम्ही कोरड्या स्लॅबवरच चालवतो. तर म्हणाले, "कोरडा हाय ह्ये मशीनला कसं कळतंय?" कळत नाही. ऑपरेटर बघतो आणि ठरवतो, आणि कोपऱ्यात सावलीत ओल राहिलेली असली तर रेघ दुपारपर्यंत पुसट होते, अशा दोन तक्रारी माझ्याकडे पडून आहेत. या आठवड्यात छपाईनंतर लगेच कॅमेऱ्याने रेघेचा काळेपणा मोजायचं काम दोघांकडे दिलंय, आणि पार्किंगचा अर्धा भाग पाइप लावून ओला करून ठेवलाय.